खिडकीपाशी दुभाषी हवा

‘हयात’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि सरकारी कागदांत कायमचा वस्तीला राहिला. पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेवढ्यापुरता तो घरोघरी माहीत असतो. एरवी बोलताना कुणी ‘आजोबा हयात आहेत’ असे म्हणत नाही. ‘आजोबा आहेत’ एवढेच म्हणतो. या एका शब्दाने आमच्या सिन्नरात एका धडधाकट माणसाला काही महिने मृत ठरवले होते. ती हकिकत आधी सांगतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते सारे तिच्या पोटात आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मुलीच्या प्रवेशासाठी एक दाखला काढायला मी एका सार्वजनिक कार्यालयात रांगेत उभा होतो. कोणते कार्यालय ते सांगत नाही. ते कुठलेही असू शकले असते. माझ्या पुढे एक बाई होती आणि तिच्याबरोबर दहा वर्षांची, शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई मूळची ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातली, नवरा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. घरातली भाषा संताली. ओडिया थोडीफार येते, हिंदीतले बाजारापुरते शब्द येतात, मराठी येत नाही. मुलगी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत, बऱ्यापैकी मराठी बोलणारी. हा सगळा तपशील मला मागाहून कळला. शाळेतून मिळणाऱ्या एका मदतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि आईच्या वतीने खिडकीशी बोलत होती ती मुलगी.

“वडील हयात आहेत का?” आतून प्रश्न आला. मुलगी क्षणभर थांबली. शाळेत रोज हजेरी होते, त्यामुळे ‘हजर’ हा शब्द तिला पक्का ठाऊक होता. ‘हयात’ हा तिला त्याचाच कुणी भाऊबंद वाटला असावा. वडील पहिल्या पाळीला गेले होते, म्हणजे हजर नव्हते. तिने खरे तेच सांगितले, “नाही.” कारकुनांनी अर्जावर ‘मयत’ असे लिहिले आणि बजावले, “मृत्यूचा दाखला आणा, मग पुढचे बघू.” त्यातला ‘दाखला आणा’ एवढाच ओळखीचा भाग मुलीने उचलला आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा दाखला मागायला ती मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली.

मी मागेच होतो. सगळे ऐकले होते. मनात आले ते इतकेच, की बिचारी एवढ्या तरुण वयात विधवा झाली. मराठीत एम. ए. केलेला, वीस वर्षे मराठी शिकवणारा माणूस दोन हातांवर उभा होता. एका शब्दाचा अपघात त्याच्या डोळ्यांदेखत घडला आणि त्याला तो कळलाही नाही. चार-पाच महिन्यांनी खरा प्रकार समजला तो त्या मुलीच्या वर्गशिक्षिकेकडून. ती माझी जुनी विद्यार्थिनी. तोवर अर्ज निकालात निघाला होता, त्या वर्षीची मदत हुकली होती, आणि एका कामगाराने दोन दिवसांचा रोज बुडवून आपण जिवंत असल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते.

या हकिकतीत दुष्ट कुणीच नाही. कारकुनांपुढे चाळीस माणसांची रांग होती आणि अर्जात जो शब्द छापला होता तोच त्यांनी वापरला. आईने जमेल तो उपाय केला, घरातले मराठी बोलणारे माणूस सोबत आणले. मुलीने ऐकले त्याचे प्रामाणिक उत्तर दिले. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि तरीही कागदावर एक माणूस मेला. उणीव होती ती चौथ्या माणसाची. दोन्ही भाषा जाणणारा, त्या कामासाठी नेमलेला, सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी घेणारा दुभाषी तिथे नव्हता. तसा तो मागता येतो, ही कल्पनाही त्या खिडकीच्या अलीकडे किंवा पलीकडे कुणाच्या मनात नव्हती. माझ्याही नव्हती.

‘दुभाषी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी पाहुण्यांमागे कान देऊन बसलेला माणूस येतो. नगरपरिषद, तहसील, रेशन, दवाखाना, पोलीस ठाणे यांच्याशी त्याचा संबंध आपण जोडत नाही. इतिहासात मात्र तो याच जागी होता, आणि आमच्या गावात उभे राहून हे विसरणे जरा जास्तच नवलाचे आहे. यादव राजा सेऊणचंद्राने वसवलेले नगर म्हणजे आजचे सिन्नर असे इतिहासकार मानतात. आमचे गोंदेश्वराचे देऊळ त्याच राजवटीची खूण. या यादवांचे कोरीव लेख संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सापडतात. कन्नड लेखांची संख्या तर फार मोठी आहे. जिथे जी भाषा समजते तिथे ती कोरावी, हा साधा व्यवहार त्यामागे होता. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मूर्ती कुणी करवली याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहे. मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून आपण त्या मराठी ओळींचा अभिमानाने उल्लेख करतो. त्या ओळी मुळात तिथे का आहेत, हे मात्र विचारत नाही. कर्नाटकात, कन्नड राज्यात, कुणाला तरी वाटले की मराठी बोलणारा यात्रेकरू इथे येईल आणि त्यालाही हे वाचता यावे. आपला हा अभिमानाचा ठेवा म्हणजे दुसऱ्या भाषेच्या लोकांनी आपल्यासाठी केलेली सोय आहे.

पुढे दख्खनच्या सुलतानांच्या काळात दरबारची भाषा फारसी झाली, तरी गावच्या देशमुख-देशपांड्यांपर्यंत हुकूम पोचायचा तर तो फारसीत पोचून भागत नसे. म्हणून आदिलशाही-निजामशाहीच्या फर्मानांत फारसी मजकुराबरोबर मोडीतला मराठी तर्जुमाही आढळतो. मराठेशाहीत हा व्यवहार उलट दिशेने चालला. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो फारसनीस, म्हणजेच आपले पारसनीस. ‘दुभाषी’ हेही आडनाव आपल्याकडे आहे. चिटणीस, फडणीस यांच्या बरोबरीने पारसनीस आणि दुभाषी ही आडनावे टिकली याचा अर्थ सरळ आहे: भाषांतर हा राज्यकारभारातला हुद्दा होता. तो कुणाच्या ओळखीपाळखीवर किंवा लहान मुलांच्या शहाणपणावर सोडलेला नव्हता. आज आडनावे उरली आणि हुद्दा गेला.

आजच्या सिन्नरात त्या हुद्द्याची गरज कमी झाली असे मात्र नाही. कधीकाळी विड्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी यांमुळे कारखान्यांचे गाव झाले. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश इथून माणसे आली. प्रथम एकटी आली, मग बायकामुले आली. एकटा माणूस कारखाना आणि खोली एवढ्यात जगू शकतो. कुटुंब आले की बाळंतपण येते, जन्माची नोंद येते, लस येते, शाळा येते, पाणीपट्टी येते. कुटुंब आले की माणूस शासनाच्या खिडकीशी येतो.

आणि ही खिडकी आता पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये दुरुस्त झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ही दुरुस्ती लागू झाली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलाला शाळेच्या प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करायला जन्माचा दाखला हाच मुख्य कागद. म्हणजे जन्मनोंदीच्या वेळी आईचे नाव चुकीचे ऐकले गेले तर ती चूक अठरा वर्षे मुलाच्या मागे फिरणार. हाच कायदा नोंदीची माहिती तोंडी देण्याची मुभाही देतो; लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. निरक्षरांचा इतका विचार केलेल्या या कायद्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो: तोंडी, पण कोणत्या भाषेत?

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. अर्जदाराला लिहिणे शक्य नसेल तर त्याची तोंडी विनंती कागदावर उतरवायला मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्याचे सहावे कलम सांगते. फौजदारी न्यायालयात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष चालली असेल तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली गेली पाहिजे, असे १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. तेव्हा तत्त्व आपल्याला मान्य आहे. ते आपण आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत नेले आणि तिथेच थांबलो. ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, जो फक्त दाखला मागायला आला आहे, त्याच्यासाठी ही सोय रूढ नाही.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो मला परका नाही. मी मराठीचाच मास्तर आहे. आक्षेप असा, की महाराष्ट्रात राहायचे तर मराठी शिकावी. शासनाने दुभाषे पुरवले तर मराठी कुणी शिकणार नाही. आणि साठ वर्षे झगडून मिळवलेले मराठीचे स्थान आपणच ढिले करू. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाच्या कक्षेत स्थानिक संस्था नीटपणे येत नव्हत्या. ती फट २०२२ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) अधिनियमाने बुजवली. आता कुठे नगरपरिषदांचा कारभार कायद्याने मराठीत आला, तोच ही नवी मागणी कशाला?

माझे उत्तर असे, की ही मागणी मराठीच्या विरोधात जात नाही. उलट तिच्यावाचून मराठी खिडकीवर टिकणार नाही. आज प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. अर्जदाराला मराठी येत नाही हे कळताच खिडकीतला माणूस हिंदीवर जातो. त्याची हिंदी कामचलाऊ असते आणि समोरच्या संताली, मगही किंवा भोजपुरी बोलणाऱ्या बाईची हिंदीही तशीच. दोघेही आपापली भाषा सोडून तिसरीच्या अंगणात भेटतात आणि तिथेही एकमेकांना नीट समजत नाहीत. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला ते निर्णय मागे घ्यावे लागले. शाळेच्या दारातून हिंदीला अडवल्याचे समाधान आपल्याला आहे. पण कार्यालयाच्या खिडकीतून ती रोज आत येते, आणि तिला आत घेतो तो मराठी माणूसच, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय ठेवलेला नाही. दुभाषी असेल तर कारकून मराठीतच विचारील, बाई संतालीतच सांगेल, नोंद मराठीत होईल आणि ती काय झाली हे बाईला तिच्या भाषेत कळेल. कारभाराची भाषा एक आणि माणसाची भाषा दुसरी, हे दोन्ही सांभाळणारा पूल म्हणजे दुभाषी.

मराठी शिकावी, हे शंभर वेळा मान्य. पण भाषा शिकायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि बाळाचा जन्म नोंदवायचा असतो एकवीस दिवसांत. ताप आजच येतो. शिकेपर्यंतच्या काळात माणूस शासनाच्या लेखी असतो की नसतो, एवढाच प्रश्न आहे. मराठी न बोलल्याबद्दल दुकानदारांवर हात उगारून मराठी वाढते असे मानणारे लोक आहेत. त्यांच्याशी इथे वाद घालत नाही. मला एवढेच दिसते, की ज्या मुलीने शाळेत आपण होऊन मराठी शिकली तिलाच आमच्या मराठीने फसवले.

या बाबतीत अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेचे प्रकरण मराठी वाचकांनी मुळातून समजून घ्यावे असे आहे. परिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली आणि २०२२ च्या अधिनियमानुसार मराठीखेरीज दुसरी भाषा चालणार नाही असा दावा केला. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असे करत दिल्लीला पोचले. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अधिनियमाने मराठी आवश्यक केली आहे, मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लावण्यास मनाई केलेली नाही. नगरपरिषद ही स्थानिक लोकांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी असते आणि तिथल्या लोकांना एखादी भाषा समजत असेल तर ती फलकावर असायला हरकत कशाची, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे. निकाल फलकापुरता आहे हे खरे. पण जी गोष्ट भिंतीवर चालते ती खिडकीवर का चालू नये?

आता जरा दक्षिणेकडे वळू. बेळगावचे मराठी भाषक काय मागत आले आहेत? सीमाप्रश्नाचा मोठा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच. त्याखेरीज त्यांची रोजची मागणी अशी, की महापालिकेची परिपत्रके, जमिनीचे उतारे, सूचना आम्हाला मराठीतही मिळाव्यात. त्यासाठी ते भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या राष्ट्रीय योजनेचा आधार घेतात. जिथे एखाद्या भाषेचे लोक स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात असे ते तत्त्व आहे. बेळगावची ही मागणी आपल्याला न्याय्य वाटते, मलाही वाटते. मग तेच माप सिन्नरात, मालेगावात, भिवंडीत आपण उलटे कसे धरणार? २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के होते. उरलेले ३१ टक्के लोकही याच राज्याच्या खिडक्यांशी उभे राहतात. आपली माणसे जिथे अल्पसंख्य तिथे जे हक्क, ते आपण बहुसंख्य असतो तिथे उपकार ठरत नाहीत.

पंधरा टक्क्यांचे माप बेळगावला पुरते, सिन्नरला पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या गावात संताली बोलणारी घरे मोजकीच असतील. त्यांच्यासाठी नगरपरिषदेने सगळे अर्ज संतालीत छापावेत असे कुणी म्हणणार नाही. छापील भाषांतर मोठ्या समूहासाठी असते. तोंडी दुभाषा एका माणसासाठी असतो, आणि म्हणूनच ज्याच्या भाषेची गावात चारच घरे आहेत त्याला त्याची गरज सर्वांत जास्त.

हे खर्चिक, स्वप्नाळू वाटत असेल तर आपल्याच मुलाबाळांच्या गावी जाऊन पाहावे. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून शासनाची दूरध्वनीवरची दुभाषा सेवा आहे. माझ्या एका सहकाऱ्याची आई, जन्म नाशिक जिल्ह्यातला, इंग्रजी शून्य, मुलीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेली आणि तिथे स्वतःच आजारी पडली. मुलगी इंग्रजी उत्तम बोलणारी, शेजारी उभी. तरी डॉक्टरांनी फोन लावला आणि पलीकडून एक बाई मराठीत म्हणाली, “आजी, तुम्ही जे सांगाल तेच मी डॉक्टरांना सांगेन, माझ्या मनाचे काही घालणार नाही.” आजींनी लेकीला कधीच न सांगितलेला एक त्रास त्या अनोळखी मराठी बाईला सांगितला. त्याच देशात स्थायिक होण्यासाठीच्या गुणांमध्ये, आपल्या भाषेतून दुभाष्याचे काम करता येते हे परीक्षेने सिद्ध केल्यास पाच गुण मिळतात, आणि त्या परीक्षेच्या भाषांत मराठी आहे. आपली अभियंता मुले त्या पाच गुणांसाठी मराठीचा अभ्यास करतात. मराठी दुभाष्याला किंमत आहे, मराठी मुलखाबाहेर.

अमेरिकेत आरोग्यसेवेच्या नियमांनी २०१६ पासून असे घातले आहे, की अगदी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये. हक्क मिळाला म्हणजे तो कायमचा झाला असे मात्र नाही. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजतील अशा भाषेत मिळाव्यात हा तिथला २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. तेव्हा तिकडची व्यवस्था डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. पण मुलांविषयीचा तो नियम वाचला तेव्हा मला खिडकीपाशी उभी असलेली ती चौथीतली मुलगी आठवली. आईचे उत्पन्न, बापाचे जिणे-मरणे, उद्या कदाचित आईचे दुखणे, हे सगळे एका दहा वर्षांच्या पोरीने दोन भाषांतून वाहून न्यायचे. चुकली तर तिच्यामुळे घराचे नुकसान झाले ही बोच आयुष्यभर तिचीच. वर्गशिक्षिका म्हणाली, त्या प्रकारानंतर ती मुलगी वर्गात बरेच दिवस बोलेनाशी झाली होती. मदतीची रक्कम पुढच्या वर्षी मिळाली. हे नुकसान कोणत्या अर्जाने भरून येणार?

यात आणखी एक अवघड गोष्ट आहे, आणि ती आपल्या पदरातली आहे. हयात-मयत ही मराठी त्या संताली मुलीलाच समजत नाही असे नाही. माझ्या वर्गातल्या ठाकर आणि भिल्ल मुलांच्या घरी ती समजत नाही, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मराठी घरांतही नाही. भाषा संचालनालय ६ जुलै १९६० रोजी स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि त्याची त्याच काळी ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा झाली. एका बाजूला जुनी फारसी अवजड झाली होती, दुसऱ्या बाजूला नवी संस्कृत अवजड आली. दोन्हींच्या मध्ये सामान्य माणूस अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे मोजून आपल्याच भाषेचा अर्थ विकत घेत राहिला. तहसीलीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला अर्जलेखक हा खरे तर मराठीतून मराठीत भाषांतर करणारा दुभाषीच. म्हणून खिडकीवरची पहिली सुधारणा फुकटची आहे: ‘हयात’ काढून ‘जिवंत’ लिहावे.

बाकीच्या सुधारणाही फार महाग नाहीत. प्रत्येक खिडकीवर, गावात बोलल्या जाणाऱ्या भाषांत एक ओळ असावी: ‘तुम्हाला मराठी समजत नसेल तर दुभाषी मागा.’ मागता येते हे कळणे हीच अर्धी सोय आहे. गावातल्या दोन भाषा जाणणाऱ्या माणसांची यादी कार्यालयात असावी. कारखान्यातले जुने कामगार, आशा सेविका, महाविद्यालयातली मुले यांतून ती सहज होईल. त्यांना दर खेपेला ठरावीक मानधन द्यावे, म्हणजे ओळखीचा मिंधेपणा राहणार नाही आणि दलालाचाही शिरकाव होणार नाही. लिहिलेली नोंद सही-अंगठ्यापूर्वी अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. अठरा वर्षांखालील मुलांना या कामाला लावू नये. ‘भाषिणी’सारखी केंद्र शासनाची भाषांतर-यंत्रणा २०२२ पासून आहे आणि २०२५ च्या प्रयागच्या कुंभात तिच्या आधारे अकरा भाषांत यात्रेकरूंना माहिती दिली गेली. नाशिकच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठीही असे काही होईल, व्हावेच. मात्र यंत्र रस्ता सांगू शकते. माणूस जिवंत आहे की मेलेला ही नोंद यंत्राच्या भरवशावर करू नये. आणि यात्रेकरूसाठी जे अकरा भाषांत होते ते कायमच्या रहिवाशासाठी एका भाषेतही का नसावे, हे विचारायला सिंहस्थ ही बरी संधी आहे.

शेवटी माझ्याच पेशाविषयी. आम्ही मराठीच्या वर्गात भाषांतर शिकवतो. कवितेच्या अनुवादात काय हरवते यावर मी स्वतः तास-तासभर बोललो आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्ज कसा लिहावा, इतिवृत्त कसे लिहावे हेही शिकवतो. पण दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत तसेच्या तसे, आपल्या पदरचे न घालता, न समजल्यास पुन्हा विचारून कसे पोचवावे, हे एकाही विद्यार्थ्याला आम्ही शिकवलेले नाही. त्या खिडकीमागच्या रांगेत मी गप्प उभा राहिलो, कारण हे काम मराठीच्या माणसाचे आहे असे मला कुणी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला शिकवले नव्हते.

यंदा वर्गात मी मुलांना एक प्रश्न विचारला: घरी कोणती भाषा बोलता? आधी सगळ्यांनी ‘मराठी’ सांगितले. मग हळूहळू हात वर झाले. उर्दू, मारवाडी, भोजपुरी, तेलुगू, ठाकरी, भिल्ली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, दोन वर्षे वर्गात फारसे तोंड न उघडणारा, म्हणाला, “सर, मला मैथिली येते. चालते का?” त्याचे नाव मी वहीत पहिले लिहिले. यादी अजून लहान आहे आणि तीत संताली नाही. त्या मुलीची वर्गशिक्षिका म्हणते, आणखी आठ वर्षे थांबा, ती येईल. तोवर मात्र तिच्याऐवजी कुणी तरी मोठ्या माणसाने त्या खिडकीपाशी उभे राहिले पाहिजे.